नावं ठेवण्याची रीत

“तोटीचा टवका उडालाय, झाकण भलत्याच भांड्याचं आहे आणि रंग बघा, नासलेल्या दुधासारखा,” असं म्हणून हर्बर्ट माउंटफर्ड यांनी चहादाणी फळीवर परत ठेवली.

मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीला, हिलरीला कळलं, ही आज घरी येणार. इंग्लंडमधल्या बर्झलम गावच्या शनिवारच्या बाजारातली ही रीतच होती. जीव जडला असेल त्या वस्तूला आधी नावं ठेवायची, नाहीतर भाव चढतो. अडीचशे वर्षांपूर्वी साच्यातून काढलेल्या, अंगावर शिंपले उठवलेल्या एकेचाळीस चहादाण्या त्यांच्या घरी होत्या. एकीबद्दलही त्यांनी बाजारात बरा शब्द काढला नव्हता. दुकानवाली बेरिलही मुरलेली. नको तर राहू दे म्हणत ती चहादाणी कागदात गुंडाळत होती.

मग गाडी हिलरीकडे वळली. शिक्षिका असून अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, केस कात्रीने कापले की दातांनी. हिलरीनेही ऐकवलं, की एवढ्या चहादाण्या बाळगणारा माणूस चहा मात्र मगात पुडी बुडवून पितो. बावन्नाव्या वर्षीही ती वडिलांच्या तोंडून एका कौतुकाच्या शब्दाची वाट बघत होती, आणि तिनेही त्यांना तो कधी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्बर्ट खुर्चीतून उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी हिलरी बाजारात गेली. बेरिलने स्टूल पुढे सरकवलं, थर्मासमधला चहा ओतून दिला. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर हिलरीने सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबा माझ्याबद्दल कधी काही म्हणायचे का?

बेरिल हसली. न म्हणायला काय झालं? तू गाडी लावून येईपर्यंत दर शनिवारी तेच चालायचं. तुझं अक्षर, तुझे केस, तुझे करपलेले केक, तू सोडलेला नवरा.

हिलरीने कप खाली ठेवला.

“अगं पोरी,” बेरिल म्हणाली, “तीस वर्षं गिऱ्हाईक होते ते माझे. इतकी नावं त्यांनी कुठल्याच चहादाणीला ठेवली नाहीत.”

आजूबाजूला घासाघीस चालली होती. मग त्या भर बाजारात, एकही खोट न काढता, हिलरी मोठ्याने म्हणाली,

“मला माझे बाबा फार आवडायचे.”