बुजवण्याआधी

तळं मासे-पाखरांसाठी राखलेलं. पण त्याच्या मातीच्या बांधात कुणी बीळ केलं, की ते बुजवायचं, हे राखणदाराचं काम. नाहीतर बांध फुटायचा. माती लोटण्याआधी तो दर वेळी बिळाशी वाकून विचारायचा, "आत कोणी आहे का?"

बायको हसायची. "साळिंदर काय ओ देणार आहे तुम्हाला?"

ती गेली. पाठोपाठ तो रिटायर झाला. मग बांधाला टेकलेली त्याची खोली नव्या साहेबांच्या डोळ्यांत खुपली. खोलीच्या पायामुळे बांधातून पाणी झिरपतं म्हणे. ठरल्या दिवशी खोली पाडायला बुलडोझर आला. साहेबांनी दार वाजवलं. "आत कोणी आहे का?"

 

खाटेवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "कोणी नाही."