लाल खुणेच्या पुढे

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. अशक्त पोरांसाठी दूध पुरवणाऱ्या परदेशी संस्थेचे साहेब वर्षभराची प्रगती बघायला पिंपरीच्या वस्तीतल्या, प्रभावतीताई चालवत असलेल्या दूधकेंद्रावर आले. पोरांची वजनं वाढलेली दिसली नाहीत, तर केंद्राला टाळं लागणार होतं.

पहिलंच पोर भिमाबाईचं. "ताई, ह्याच्या अंगाला काय लागंनाच बघा," ती कुजबुजली.

ताईंनी पोराला वजनकाट्याच्या झोळीत बसवलं आणि सावरायचं निमित्त करून झोळी हळूच खाली ओढली. काटा कुपोषणाची हद्द दाखवणाऱ्या लाल खुणेच्या पुढे गेला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ताईंचा जीव भांड्यात पडला.

साहेबांनी हसत पोराचा गालगुच्चा घेतला आणि दुभाष्याला काहीतरी सांगितलं.


"हे पोर सुधारलं म्हणतात. उद्यापासून ह्याचं दूध बंद."