दुपारची साखळी

“माय, मनी पाळी झायी. आते तुनी,” फोनवर धनसिंग आबा म्हणाले.

“हो आबा, बसते,” मोहिनी म्हणाली. हातात घासणी, पुढ्यात उष्ट्या डब्यांचा ढीग. बसते कसली!

“जेवनी का?”

“जेवले.”

“काय रांधं आज?”

“शेवभाजी.”

“पुनमना फोन उना का?”

“येईल हो. कामात असते ती.”

आबांनी फोन ठेवला. मोहिनीने नळ सोडला आणि डबे घासायला घेतले.

धुळ्याच्या चर्चमध्ये ही साखळी प्रार्थना सुरू झाली ती ईस्टरच्या आधीच्या उपवासात. ज्याने त्याने आपल्या घरी अर्धा तास प्रार्थना करायची आणि संपली की फोन करून पुढच्याला पाळी द्यायची. म्हणजे दिवसभर कुणी ना कुणी देवापुढे बसलेलं असायचं. मोहिनीच्या आधी धनसिंग आबा. एके काळी दवाखान्यात कंपाउंडर होते, आता गुडघे गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हते. मोहिनीच्या नंतर दिपमाला. ती पूर्वी शेजारी राहायची, आता जळगावला नर्स होती.

त्याच उपवासात मोहिनीचा नवरा नवल गेला. ईस्टरला ती चर्चला गेली नाही, पुढेही कितीतरी रविवार गेली नाही. पण नवलला माती देऊन आली त्याच्या दुसऱ्या दुपारीसुद्धा आबांचा फोन आला होता. दोन वर्षं झाली, एक दुपार चुकली नाही.

आता ती चर्चला जायची, पण मागच्या बाकावर बसून आशीर्वाद झाला रे झाला की घराकडे पळायची. कॉलेजच्या पोरांचे डबे तिच्या एकटीच्या हाताने निघायचे आणि रविवारी तर पोरांना गोडाचं लागायचं. कुणाशी दोन शब्द बोलायला सवड कुठली?

खरं सांगायचं तर मोहिनी प्रार्थना करतच नव्हती. सुरुवातीला करायची. मग डोळे मिटले की आठवायला लागलं, कांदे संपलेत, गॅस सांगायचाय, पीठ दळून आणायचंय. शेवटी तिने डोळे मिटणंच सोडलं. डबे घासून पालथे घालायची आणि दिपमालाला खुशाल फोन लावायची, “माझं झालं गं, आता तू.”

दिपमाला कानात ते बटणासारखं यंत्र अडकवून काम करायची. फोन कुणाचा हे न बघताच “हं, बोला” म्हणायची आणि मोहिनीचा आवाज ऐकला की विचारायची, “ताई, जेवलीस का?”

पूर्वी आबा प्रार्थनेचे विषय सांगायचे. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीची परीक्षा. हल्ली विषय असा नसायचाच. वय झालं, विसरत असतील, असं मोहिनी समजायची.

पण मन खात होतं. एवढी माणसं हात जोडून बसतात आणि साखळी तुटते ती आपल्यापाशी! नाव काढून घ्यावं, असं तिला कितीदा वाटलं. पण नाव काढलं की ते दोन फोन बंद. पोरं ‘मावशी, मीठ कमी पडलं’ एवढंच सांगायची. लेक पुनम लग्न होऊन सुरतेला गेली ती आठ आठ दिवस आवाज देत नव्हती. जेवलीस का विचारणारं दुसरं होतंच कोण? नुसत्या विचाराने तिला रडू यायचं.

त्या रविवारी मात्र तिने हिय्या केला. उपासना सुटल्यावर ती पास्टरांसमोर जाऊन उभी राहिली. जितेंद्र पास्टर याच उन्हाळ्यात बदलून आले होते.

“पास्टर, साखळीतून माझं नाव काढा. मी देवाला फसवतेय.”

“कुठल्या साखळीतून?”

“दुपारच्या. धनसिंग आबांनंतर माझी पाळी असते.”

पास्टर गोंधळले. “ती साखळी तर दोन वर्षांपूर्वी ईस्टरलाच संपली, ताई. आधीच्या पास्टरांनी सगळ्यांचे आभार मानून बंद केली, असं मला सेक्रेटरी म्हणाले. पुन्हा सुरू करावी असं माझ्या मनात आहे, पण लोकांना वेळ कुठे आहे?”

मोहिनी घरी आली ती कशी आली तिलाच ठाऊक. अगंबाई, म्हणजे आबांना कुणी सांगितलंच नाही! बिचारा म्हातारा घरात एकटा बसून देवाचं नाव घेतो, साखळी चालू आहे म्हणून आशेने फोन करतो, आणि आपण इकडे भांडी घासतो. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुपारी फोन आला. “माय, मनी पाळी झायी. आते तुनी. जेवनी का?”

“जेवले, आबा.” तिने काही म्हणजे काही कळू दिलं नाही. “तुम्ही जेवलात ना? तब्येत सांभाळा. मी बसते हं.”

आणि ती खरंच बसली. हात धुतले, चटई अंथरली, गुडघे टेकले. डबे तसेच पडू दिले.

“प्रभू, आबांना सोबत दे. साखळी बंद झालीय हे त्यांना कळू देऊ नकोस. एकटं माणूस आहे, या एका फोनच्या आधारावर दिवस काढतंय. मी आजपासून माझी पाळी चुकवणार नाही. आमेन.”

किती दिवसांनी तिला मध्येच कांदे आठवले नव्हते. मन हलकं झालं. पण दिपमालाला सांगायला हवं होतं, नाहीतर ती एखाद्या वेळी आबांपाशी बोलून जायची. अर्धा तास कशाला थांबायचं? मोहिनीने चटईवरूनच फोन लावला.

ती तोंड उघडणार तोच पलीकडून दिपमाला घाईघाईने म्हणाली, “हं, बोला आबा. आज जेवली का मोहिनीताई? आणि साखळी बंद झालीय हे अजून कळलं नाही ना तिला?”