कडीचा टाक

वनमालानं चिंचेच्या कोळात बुडवलेला चांदीचा टाक अंगठ्यानं घासला आणि विचारलं, "आत्या, ह्या कोण?"

तिच्या सासूबाई, केशरबाई, ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. गुडघे धरल्यापासून देवघर त्यांनी सुनेवर सोपवलं होतं.

"ती व्हय? आपली मूळ सासू. निजामाच्या टायमाला नवऱ्याला पान लागलं, सापानं नेला त्याला, तवा एकल्या बाईनं मोट हाकून रान भिजवलं."

खंडोबा आणि जोगाई तर साऱ्यांच्याच देवघरात असतात. या टाकांच्या पेटीत मात्र घरातली मेलेली माणसंही टाकांवर उठवलेली होती. वनमालाला आजवर ती सगळी सारखीच दिसायची. आता एकेकाला नाव मिळू लागलं आणि तिला त्याचं वेडच लागलं. सासूनं सांगावं आणि तिनं मोबाईलमध्ये भरून घ्यावं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती, त्यामुळे या घरात तिचा पाय कधी ठरलाच नव्हता. वंश वाढवणं आपल्या हाती नाही, निदान वंशाची गोष्ट तरी राखू, असं तिला वाटे. यात ती खरोखर सुखी होती.

"ह्या टाकाला कडी कावून हाय?"

"कडीचा टाक सवतीचा." केशरबाईंनी पदराआडून स्वतःच्या गळ्यातला टाक काढून दाखवला. "पयली मेली की दुसरीनं तिला गळ्यात बांधायचं. नवं लुगडं आदी तिला दावायचं, मंग आपण नेसायचं. न्हाई तर ती नांदू देत न्हाई."

"तुमच्या आदीच्या कशानं गेल्या?"

"हिरीवर पाय घसरला. लेकरूबाळ नव्हतं बिचारीला. लई गुणाची होती म्हणत्यात." केशरबाईंनी टाक पुन्हा आत सारला.

वनमालाचे डोळे भरून आले. तिनं तेही मोबाईलमध्ये भरून घेतलं.

पेटीच्या तळाशी गुलाबी कागदाची पुडी होती. तिच्यातही कडीचाच टाक निघाला. बाकीचे रोजच्या अंघोळीनं गुळगुळीत झाले होते, याच्या कडा मात्र अजून बोटाला लागत होत्या.

"आन ह्या?"

केशरबाईंनी मान वळवली. "आसंल घरातलीच कुनी."

"नाव?"

"सांगीन मागनं. ठिव तिला होती तिथं."

टाक झिजला की तो मोडून नवा घडवून घेतात, हे वनमालाला ठाऊक होतं. म्हणजे बाई जुनीच, रूप तेवढं नवं. पण हिचं नाव कुणालाच कसं आठवू नये? सासरे सुंदररावांना विचारलं, तर ते चपला घालून बाहेर पडले. नवरा आदिनाथ म्हणाला, "मेलेल्यांचं काय घिऊन बसलीस?" पण आवाज मऊ होता. हल्ली सगळेच तिच्याशी मऊ बोलत. तिच्यासाठी न मागता हिरवं लुगडं आलं होतं. येत्या अवसेला विहिरीवर पाण्यातल्या देवतांना, आसरांना, निवद नेण्याचा मानही सासूबाईंनी तिलाच दिला होता. जुन्या माणसांच्या पुण्याईनंच घर निवळलं, असं तिनं मनाशी धरलं. मग त्यांतल्या एकीला बिननावाची कशी ठेवायची?

पुडीच्या कागदावर दिंद्रुडच्या एका सोनाराचं नाव होतं. आपल्या गावाहून, तलवाड्याहून, एवढ्या लांब कशाला गेले असतील, हे काही तिला उमगलं नाही. माहेरी जाऊन येते म्हणून सांगितलं, पुडी पदराला बांधली आणि ती एसटीत बसली.

सोनारानं टाक हातात घेताच ओळखला. "आमचाच हाय की. तलवाड्याच्या केशरबाईंनी करून नेला. तुमी कोन त्यांच्या?"

"सून."

"मंग तुमीच व्हय नव्या सूनबाई!" सोनार मोकळं हसला आणि त्यानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. "लेकाचं लगीन अवसेच्या फुडं हाय म्हनल्या होत्या. आदीच आलात ते बरं झालं. कडी ढिली वाटली तर आवळून देतो. गळ्यातनं पडली तर वंगाळ."

वनमालानं टाक त्याच्या हातातून काढून घेतला. तिनं विचारलं, "हिचं नाव सांगितलं होतं का त्यांनी?"

"सांगितलं की. नाव घेतल्याबिगर आमी टाक घडवत न्हाई," सोनार म्हणाला. "वनमाला."