बिनफोडणीची आमटी

आमटीला आजही फोडणी नव्हती. विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहात पोरी ताटावर बसून कुरकुरत होत्या, पण आत जाऊन काशम्माला विचारायची कुणाची छाती नव्हती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरच्या धनलक्ष्मीला गोवर निघाला होता. तिला लगेच दवाखान्यात हलवलं, तरी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काशम्माच्या लेखी अम्मा अजून घरातच होती. अम्मा म्हणजे गोवराच्या रूपानं येणारी देवी. ती आली की घरात तेल तापवायचं नाही, फोडणी घालायची नाही आणि कुणाच्या अंगाला सुई लावायची नाही. काशम्मानं दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले आणि कढई पालथी घातली.

फोडणीचं एक वेळ चाललं असतं. पंचाईत सुईची होती. उद्या सकाळी मेसमध्ये गोवराची लस द्यायला नर्स येणार होती, आणि एकही पोरगी पुढं यायला तयार नव्हती. आता या काय अडाणी का? एम.एस्सी.च्या पोरी, दिवसभर जंतूच बघणाऱ्या! पण वर्गातलं वर्गात आणि मेसमधलं मेसमध्ये. त्यात अक्कलकोटच्या, वैरागच्या आयांनी फोनवर बजावलेलं, काशम्मा म्हणतील तसं करा. आई लांब असली की जेवायला घालणारीचंच ऐकलं जातं, त्याला कोण काय करणार.

सगळ्यात मोठा घोर रुद्राणीला होता. ती इथली रेक्टर, पाचवा महिना लागलेला. लहानपणी तिची लस राहून गेली होती, हे रक्त तपासल्यावर कळलं आणि डॉक्टर गंभीर झाले. पोटुशी बाईला ही लस देता येत नाही, आणि गोवर झाला तर बाळाच्या जिवाला धोका. तुझ्याभोवतीच्या सगळ्यांनी टोचून घेतली तरच तू सुखरूप, असं त्यांनी सांगितलं होतं. तेव्हापासून ती आवारातल्या क्वार्टरमध्ये बसून होती. वसतिगृहात पाऊल टाकायचं नाही, जेवणाचा डबासुद्धा अंगणात ठेवायचा. माहेरी जा म्हणणारे पुष्कळ होते, पण अशा वेळी पोरींना टाकून जाणं तिला जमेना. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. त्यामुळं या खेपेला तिला झोपेतसुद्धा भीती वाटायची.

तिनं कालच मुलींना फोनवर समजावलं होतं. काशम्मालाही समजावलं. काशम्माला स्वतःला कधी गोवर आला नव्हता, म्हणजे तिलाही लस हवीच होती. काशम्मानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आज पुन्हा बिनफोडणीची आमटी केली.

गंमत अशी की हीच काशम्मा रुद्राणीवर जीव टाकायची. गोड बातमी कळली त्या दिवशी मॅडमची ‘पोरी’ झाली. कधी चिंचेचं सार, कधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी, मागायची खोटी. पोटुशीचा डोहाळा मोडला तर लेकराची लाळ गळते, यावर तिचा अम्माइतकाच विश्वास होता.

संध्याकाळी तिनं डबा पायरीवर ठेवला आणि नेहमीसारखी लांब जाऊन उभी राहिली. तिच्याकडं बघता बघता रुद्राणीला सुचलं.

“मावशी, मला डोहाळा लागलाय.”

काशम्मा खुलली. फोडणी सोडून काय बी माग म्हणाली. पुरण घालू का, गव्हाची हुग्गी करू का, तिचं सुरू झालं.

“खायचं काही नको. उद्या सगळ्यांच्या आधी तुम्ही सुई टोचून घ्या. दुसरं काही नको मला.”

काशम्माचं तोंड एवढंसं झालं. असला डोहाळा तिनं जन्मात ऐकला नव्हता. ती तशीच वळून निघून गेली. रुद्राणीला फार वाईट वाटलं. एवढ्या मायेच्या बाईला आपण पेचात धरलं, असं तिच्या मनात येत राहिलं. पण मागितलं ते खोटं नव्हतं. तिला खरोखरच दुसरं काही नको होतं.

सकाळी चहाच झाला नाही. काशम्मा आलीच नव्हती. नर्स खुर्ची मांडून बसली होती, पोरी दाराशी घोळका करून उभ्या होत्या आणि आपल्या अंगणात रुद्राणी मेसच्या खिडकीकडं डोळे लावून होती. रागावून गावाला गेली असणार, झालं.

एवढ्यात काशम्मा फाटकातून आत आली. न्हालेली, ठेवणीतलं इरकल नेसलेली, कपाळभर देवळातलं कुंकू. कुणाकडं न बघता ती सरळ नर्सपुढं जाऊन बसली आणि बाही वर केली. दोघीतिघी पोरी तिच्या मागं सरकल्या. अक्कलकोटची सिद्धेश्वरी मात्र जागची हलेना. अम्मा कोपली तर काय करायचं, असं तिनं भीत भीत विचारलं.

काशम्मानं खिडकीतून अंगणाकडं बघितलं.

“देवळात जाऊन तिलाच विचारून आले की. अम्मा बी बाईच हाय. पोटुशीचा डोहाळा तिला बी मोडवत न्हाय.”