सेल काढलेला रिमोट

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता, नंदुरबारच्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर, रनाळ्याच्या हेमकांत पाटीलची कार आपोआप उघडली. चारही दिवे दोनदा लुकलुकले, दारांची कुलपं खटकन वर आली. गाडीत हे रिमोटचं लॉक बसवून देणाऱ्या दुकानदार लखनच्या टेबलावर तिचा रिमोट उघडा पडला होता. त्याचा सेल लखनच्या हातात होता.

रस्त्यापलीकडे चहा पिऊन आलेला एक माणूस त्याच वेळी आपला रिमोट दाबून पांढऱ्या जीपमध्ये बसत होता.

हेमकांतने सेल घातला, रिमोट जीपच्या दिशेने धरला आणि बटण दाबलं. जीपची कुलपं खटकन खाली गेली. आतला माणूस गोंधळून काचेवर थापा मारू लागला.

लखनने दुकानाच्या पायरीवर गुटख्याची पिचकारी टाकली. स्टुलावर बसलेल्या मयूरीने, हेमकांतच्या बायकोने, पाय मागे ओढले.

"लोके रिमोट दवाडी देतस, आप्पा. मंग नवा रिमोट मांगाले आठे येतस," लखन म्हणाला. "म्हनीसन सगळास्ले एकच कोड टाकी दिन्हा. मन्हा रिमोटवर कोनती बी गाडी उघडस. तेवीस गाड्या हुई ग्यात, कोनी तक्रार नही."

तो हसला. दात लाल होते.

सहा आठवड्यांपूर्वी खांडबाऱ्याच्या बाजारात याच गाडीतून मयूरीचा सोन्याचा हार गेला होता. काच शाबूत होती, कुलूप शाबूत होतं. रिमोट ड्रायव्हर जोएलच्या खिशात होता. गाडी कधी कधी आपोआप उघडते, असं जोएल पोलिसांना तीनदा म्हणाला. हेमकांत तेव्हा त्याच्या तोंडावर हसला होता. जोएल अजून तुरुंगात आहे. हार सापडलेला नाही. तक्रारीवर सही मयूरीची आहे.

"जोएल हाईच सांगे," मयूरी म्हणाली. "हाऊ रिमोट पोलिसस्ले दखाडा."

हेमकांतने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने रुमालाने कपाळ पुसलं, रुमालाची नीट घडी घातली आणि लखनच्या जवळ सरकला.

"मन्ही गाडीले वेगळा कोड टाक. नी हाई गोट बाहेर जावाले नको. लोके मले काय म्हनतीन?"

"मी कसाले सांगू, आप्पा? मन्हं बी दुकान शे."

जुना रिमोट टेबलावर ठेवून दोघे गाडीकडे गेले. लखनने डॅशबोर्डखालची पेटी काढून नवी बसवली. हेमकांतने नवा रिमोट सात वेळा दाबून पाहिला. सातही वेळा फक्त त्याचीच गाडी उघडली. त्याने समाधानाने मान हलवली आणि बायकोला हाक मारली.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. स्टूल रिकामं होतं. टेबलावर जुना रिमोट नव्हता.