तपासनीसांची गाठ

फोनशेजारच्या खुर्चीतून तपासनीस उठले, दारापर्यंत गेले, फोन वाजल्याचा भास झाला म्हणून लगबगीने परत आले. सकाळपासून हेच चाललं होतं. आज रिपोर्टचा दिवस. सुनेने मिक्सर लावला नव्हता. बायको तर धुतलेली भांडी जाड फडक्यावर उपडी घालत होती, आवाज होऊ नये म्हणून.

बसमध्ये तिकिटं तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला. भल्याभल्यांना त्यांनी घाम फोडला. पण सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच स्वादुपिंडात पाण्याची एक गाठ दिसली आणि घाम फुटण्याची पाळी त्यांच्यावर आली. मोठ्या रुग्णालयात अशा गाठवाल्यांची नोंदणी होती. बहुतेक गाठी गरीब निघतात, जन्मभर नुसत्या पडून राहतात. एखादी बिघडते आणि तिचा कर्करोग होतो. म्हणून नोंदणीतल्या प्रत्येकाला ठरल्या वेळी बोलवायचं, गाठ मोजायची, मागच्या मापाशी ताडून पाहायची.

त्यांची गाठ होती द्राक्षाएवढी. रुबाब कलिंगडाचा. गाठीमुळे ते पिशवी उचलत नसत. गाठीमुळे पंख्याचं तोंड कायम त्यांच्याकडे. कुणी जरा आवाज चढवला की त्यांचा हात पोटावर. तपासणीला जायचं तर बायको हवीच. फाइल सांभाळायला आणि "काही होत नाही हो" म्हणायला. ते एक वाक्य ती फार छान म्हणे.

फोन वाजला. त्यांनी तो पहिल्याच घंटेला उचलला.

"काका, नोंदणीतली ताई बोलतेय. गाठ होती तेवढीच आहे. आता वर्षभर मजेत राहा."

तपासनीसांच्या जिवात जीव आला. "ऐकलंस का गं? होती तेवढीच!" ते आत बघून ओरडले. सुनेने लगेच मिक्सर लावला.

"काका, काकूंना द्या ना जरा."

"मला सांगा की. या घरात गाठीचं खातं माझ्याकडे आहे."

ताई हसली. "तुमचं झालं हो. त्यांच्या गाठीचं बोलायचंय. मागच्या वेळी वाढलेली दिसली म्हणून लवकर बोलावलं होतं, तर दोनदा आल्याच नाहीत." मग ती एकदम थांबली. "काका... तुम्हाला माहीत आहे ना?"

हात पुसत आलेल्या बायकोने त्यांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

"हो, ताई. अहो, पहिल्या वेळी नेमकी त्याच दिवशी यांची तपासणी. दुसऱ्या वेळी चप्पल घातली होती, तर यांच्या पोटात दुखायला लागलं. गॅस होता नुसता. आज मोकळी झाले बघा. उद्या? येते."

तिने फोन ठेवला.

"कधीपासून?" तपासनीसांनी विचारलं. त्यांनी पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.

"झाली तीन वर्षं. पित्ताच्या खड्यांसाठी फोटो काढला ना, त्यात दिसली."

"आणि एकटी जात होतीस? मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

तिने पंख्याचं तोंड पुन्हा त्यांच्याकडे वळवलं.

"घाबरायची जागा घरात एकच होती. ती तुम्ही आधीच धरून बसला होतात."